पडद्यावरची लाल पट्टी

अकरा वर्षं! एक नाही, दोन नाही, तब्बल अकरा वर्षं एका बाईच्या पाठीमागे लाल अक्षरांत चोरी लिहिलेली होती, येणारा-जाणारा ती वाचत होता, आणि एकाही डोळस माणसाला ते तिला सांगावंसं वाटलं नाही. आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते. पण असं मधूनच सुरू केलं तर कुणाला काही कळायचं नाही. आधी बाई कोण ते सांगायला हवं.

बाई म्हणजे अंधांच्या संस्थेत संगणक शिकवणाऱ्या बाई. नवव्या वर्षी तापात दृष्टी गेली, आता वय बावन्न. संस्था काही फार मोठं प्रकरण नव्हे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत वर्ग, एकीत ऑफिस, आणि खाली उतरायला एक जिना, ज्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच. वर्गात संगणक चार आणि शिकणारे पंधरा, त्यामुळे पाळ्या लावलेल्या. चार कीबोर्डांच्या खटखटीतून कुणाचं बोट कुठं चुकलं ते बाईंना बसल्या जागी कळायचं. "खिडकीकडचा, अंगठा उचल! कीबोर्ड आहे तो, उशी नव्हे!"

पोरं त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. दोन मिनिटं उशीर झाला की उभं राहायचं. खुर्ची आत सरकवली नाही की परत यायचं. एकदा संस्थेचं पेन चुकून त्यांच्या पर्समधून घरी गेलं, तर ते परत द्यायला बाई सुट्टीच्या दिवशी बस धरून आल्या. शिपायानं कुलूप उघडलं, पेन घेतलं, आणि ती गोष्ट तो अजून सांगतो. "मला दिसत नाही म्हणून इथं आंधळा कारभार चालेल असं कुणी समजू नका," हे बाईंचं पहिल्या दिवशीचं वाक्य. नवी पोरं हसायची. पुढच्या आठवड्यापासून हसायची बंद व्हायची.

आता अंध माणूस संगणक चालवतो कसा? तर पडद्यावर जे येतं ते वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. तो बोलतो, आपण ऐकायचं. तुमच्या-आमच्या कानाला ती नुसती किरकिर वाटेल, कारण सवयीचा माणूस तो आवाज तिप्पट वेगानं पळवतो. बाईंचा तर चौपट. हा प्रोग्रॅम एका मोठ्या कंपनीचा, आणि किंमत अशी की ऐकून घसा कोरडा पडावा. संस्थेनं देणगी जमवून चार संगणकांपुरता रीतसर घेतला होता. पाचवा संगणक म्हणजे बाईंचा स्वतःचा लॅपटॉप. त्यावरचा प्रोग्रॅम त्यांना त्यांच्या दादानं दिलेला.

त्याचीही हकिकत आहे. बाई आधी टेलिफोनवर होत्या, मोठ्या कचेरीच्या फोनच्या बोर्डावर. यंत्रं बदलली, बोर्ड गेला, नोकरी गेली. सहा महिने बाई घरात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. दादाचं फोटोंच्या चौकटी करायचं लहानसं दुकान. एके दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला, बटण दाबलं, आणि लॅपटॉप बोलायला लागला. "हा प्रोग्रॅम कुठून आणलास रे? परवडला कसा?" "घेतला विकत. तू शिक," एवढंच दादा म्हणाला. बाईंनी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं, आणि तिथून पुढं त्या माणसात आल्या, शिकल्या, मग संस्थेत शिकवायला लागल्या. आपल्या भावानं पोटाला चिमटा काढून हा आवाज घेतला, हे त्या प्रत्येक नव्या वर्गाला सांगायच्या. अभिमानानं सांगायच्या.

मधल्या काळात तसाच वाचून दाखवणारा दुसरा एक प्रोग्रॅम आला. मोकळा, कुणीही घ्यावा, कुणालाही द्यावा, आत उघडून बदलावा असा. एकदोघांनी बाईंना सुचवलं. बाईंनी नाक मुरडलं. "वाटलेल्या वस्तूला मालक नसतो. उद्या बिघडला तर मी कुणाचा कान धरू? आणि ज्यांनी रात्रंदिवस खपून पहिला लिहिला त्यांच्या पोटाचं काय?" शिवाय नोकऱ्या देणाऱ्या कचेऱ्यांतही कंपनीचाच प्रोग्रॅम होता. बाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण पंधरा पोरांनी चार मशिनांवर सराव कसा करायचा, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, कंपनीकडे तर नव्हतंच नव्हतं.

त्यातूनच भिंगरीचं प्रकरण झालं.

भिंगरी म्हणजे एक एकोणीस वर्षांची मुलगी. एका जागी स्वस्थ बसायची नाही म्हणून हे नाव. बोटं मात्र अशी की बाईंनाही कौतुक वाटावं. तीन आठवड्यांवर टेलिफोन ऑपरेटरच्या जागेची परीक्षा होती आणि तिला बसायला संस्थेचा दाखला हवा होता. एका सकाळी बाईंनी वर्गाला एक अवघड प्रश्न विचारला आणि भिंगरीनं पटकन उत्तर दिलं. "अगं, हे मी अजून शिकवलंच नाही," बाई खूश होऊन म्हणाल्या. "घरी सराव केला बाई!" "घरी? कशावर?" आणि त्या वेडीनं खरं ते सांगून टाकलं. मामानं कुणाकडून तरी पेनड्राइव्हमधून तोच प्रोग्रॅम फुकटात आणून आपल्या जुन्या संगणकावर टाकून दिला होता. तोडलेली, चोरीची प्रत.

वर्गातली खटखट थांबली. बाई उभ्या राहिल्या. "चोरलेल्या आवाजावर शिकलेली मुलगी माझ्या वर्गात नको. चोर तो चोरच, दिसणारा असो नाहीतर न दिसणारा. ऊठ." भिंगरी रडली नाही, की काही बोलली नाही. ऑफिसातून फोन करून तिच्या आईला बोलावलं. आई आली, दारात उभी राहिली, मुलीला घेऊन गेली. दाखला मिळाला नाही, परीक्षा हुकली. याला चौदा महिने झाले. भिंगरी आता एका कारखान्यात डब्यांत बटणं भरते, असं कुणीतरी बाईंना सांगितलं होतं. बाईंना वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण केलं ते योग्यच केलं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

वर्ग सुटला होता, पोरं जिना उतरून गेली होती. संस्थेचे नवे सचिव वर आले. भला माणूस, आवाज मोठा. "बाई, अभिनंदन! पुढच्या महिन्यापासून सगळ्या शिक्षण विभागाच्या प्रमुख तुम्ही. सोमवारी देणगीदार येताहेत, त्यांच्यासमोर जाहीर करू." बाईंचा चेहरा फुलला. सचिव पुढं म्हणाले, "फक्त तेवढी ती लाल पट्टी पाहुण्यांना दिसणार नाही असं काहीतरी करू या."

"कसली लाल पट्टी?"

"ही हो. तुमच्या लॅपटॉपवरची."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाईंना पडद्याचा काय उपयोग? घरी त्या पडदा बंदच ठेवायच्या. वर्गात लॅपटॉप मागच्या फळीवर, प्लगजवळ, आणि त्याला जोडलेला मोठा कीबोर्ड पुढं मांडीवर. लॅपटॉप सुरू केला की पडदाही आपोआप लागायचा आणि त्याचं तोंड दाराकडे. म्हणजे दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी बाई दिसायच्या आणि त्यांच्या खांद्यामागं तो पडदा.

"काय आहे त्या पट्टीत?" बाईंनी विचारलं.

सचिव हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. "काय बाई, तुम्हाला माहीत नाही होय!"

"वाचून दाखवा."

बाईंच्या आवाजात असं काही होतं की सचिवांचं हसू विरलं. त्यांनी वाचलं. "या प्रोग्रॅमची ही प्रत विनापरवाना आहे. हा चोरीचा माल आहे."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. बाईंनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग हात मागं करून त्यांनी तो पडदा चाचपला, जणू बोटांना अक्षरं लागणार होती. गुळगुळीत काच. जगातली सगळी अक्षरं वाचून दाखवणारा तो आवाज, ही एक ओळ त्यानं अकरा वर्षांत एकदाही वाचली नव्हती! वाचणार कशी? ती अक्षरं चित्रासारखी वरून चिकटवलेली, आणि चित्र त्या आवाजाला दिसत नाही. कंपनीनं चोराला ताकीद द्यायची सोय केली होती, पण चोर आंधळा असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अहो, अंधांसाठी केलेल्या प्रोग्रॅममध्ये!

"कधीपासून आहे ही?"

"मी येऊन दोनच महिने झाले. पण असेल आधीपासून. एवढं मनावर घेऊ नका हो, सगळेच वापरतात. वरून कागद चिकटवू."

बाईंनी ऑफिसातल्या कारकुनाला हाक मारली. नऊ वर्षं तो माणूस रोज सकाळी त्यांना हजेरीचा कागद द्यायला दारात यायचा. "तुम्हाला ही पट्टी दिसायची?"

"हो बाई."

"मग कधी बोलला नाहीत?"

कारकून घुटमळला. "आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणारच. म्हणजे... बोलायचं एक आणि करायचं एक, असं असतंच की माणसाचं. मोठ्या माणसाला कसं विचारणार?"

तोंडात मारावी तसं झालं. आम्हाला! म्हणजे एकटा कारकून नव्हे. शिपाई, पालक, परीक्षक, गेल्या वर्षी हार घालून गेलेले पाहुणे. 'बाई म्हणजे शिस्त' असं म्हणणारा प्रत्येक आवाज बाईंना आठवायला लागला, आणि प्रत्येकाच्या मागे त्यांना आता दबलेलं हसू ऐकू यायला लागलं. आणि या सगळ्याच्या तळाशी भिंगरी. चोर तो चोरच, असं आपण म्हणत होतो तेव्हा आपल्या खांद्यावरून ती पट्टी अख्ख्या जगाला दिसत होती. बाईंना जिना उतरताना सातवी पायरी समजली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तिथं अडखळल्या.

त्या थेट दादाच्या दुकानात गेल्या. दुकानात काचा कापल्याचा आवाज चालू होता.

"दादा, तो प्रोग्रॅम तू विकत घेतला होतास?"

काच कापणं थांबलं. बाईंना उत्तर तिथंच मिळालं.

"गेलो होतो विकत घ्यायला," दादा म्हणाला. "आकडा ऐकून दुकानाची पायरी उतरलो. हे दुकान फुंकलं असतं तरी पुरलं नसतं. मग एकानं दिला असाच. लाल पट्टी मला पहिल्याच दिवशी दिसली. तू पडदा बंद ठेवतेस ते बघून जीव भांड्यात पडला."

"मला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतला असतास?"

"नाही!"

"मग? तुला तशीच भिंतीकडे तोंड करून बसू देऊ? तू खायची बंद झाली होतीस गं. आई माझ्याकडे बघून रडायची. चोरी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मला पुन्हा तोच दिवस दे, पुन्हा तेच करीन."

बाई तशाच मागं फिरल्या. भावाचा राग यावा तर येत नव्हता, आणि येत नव्हता याचाच राग येत होता. कारण भिंगरीच्या मामानं तरी दुसरं काय केलं होतं? घरी येऊन त्यांनी लॅपटॉप बंद केला. शनिवार गेला, रविवार गेला. घर मुकं झालं. मेल वाचायला कुणी नाही, वेळ सांगायला कुणी नाही. रविवारी सचिवांचा फोन आला. "बाई, मी कागद आणलाय, छान निळा. बरोब्बर पट्टीवर बसतो. कुणाला काही कळायचं नाही, उद्या या फक्त." भला माणूस, खरंच चांगल्या मनानं सांगत होता. बाई म्हणाल्या, "बघते." एवढं म्हणून घाईनं फोन ठेवला. कारण क्षणभर, अगदी एकच क्षण, त्यांना ते सोयीचं वाटलं होतं. आपल्याला असं वाटू शकतं, याचा धक्का त्या पट्टीपेक्षा मोठा होता.

सोमवारी सकाळी बाई संस्थेत गेल्या नाहीत. पत्ता विचारत, काठी टेकत त्या भिंगरीच्या घरी पोचल्या. एकच खोली, दाराशी चपलांचा ढीग. आतून चौपट वेगानं बोलणारा आवाज येत होता. पण त्यांच्या ओळखीचा तो आवाज नव्हता.

"भिंगरे," बाईंनी हाक मारली.

आतला आवाज एकदम थांबला. "बाई? तुम्ही? थांबा, उजवीकडे बादली आहे, लागेल." भिंगरीनं येऊन हात धरला, आत नेऊन बसवलं. कारखान्याची पाळी दुपारची होती, म्हणून ती घरी सापडली. आई कामावर गेलेली.

"कशावर काम करतेस?" बाईंच्या तोंडून आधी हेच गेलं. जन्माची सवय.

"तो मोकळा प्रोग्रॅम हो बाई, जो तुम्हाला आवडत नाही. त्या दिवसानंतर मी चोरीचा काढून टाकला. तुम्ही म्हणालात ते मला पटलं होतं." आणि मग तिची गाडी सुटली. "हा लिहिणाऱ्यांत आपल्यासारखी न दिसणारी माणसंपण आहेत, माहितेय? चूक सापडली तर कळवायचं. हा आकडे वाचताना अडखळायचा, मी कळवलं, आठवड्यात सुधारून आला! आता जगात कुठंही कुणी आकडा ऐकला ना, तर तो मी नीट केलेला आहे. गल्लीतल्या चौघांना दिला मी. द्यायला कुणाला विचारावं लागत नाही."

बाई ऐकत राहिल्या. मालक नाही तर कान कुणाचा धरायचा, असं त्यांनी भर वर्गात विचारलं होतं, आणि इथं बटणं भरणारी वीस वर्षांची पोर त्या प्रोग्रॅमचा कान धरून बसली होती.

"भिंगरे, मी तुला एक सांगायला आले. माझ्या लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम... तोही..."

"चोरीचा होता," भिंगरी म्हणाली. "माहीत आहे बाई."

बाईंना वाटलं, कानांनी दगा दिला. "काय म्हणालीस?"

"त्या दिवशी आई न्यायला आली ना, तिनं दारातूनच वाचलं. जिन्यात मला सांगितलं. ती तिथूनच परत वर यायला निघाली होती, सगळ्यांसमोर तुम्हाला विचारायला. अशी पेटली होती! मी तिचा हात धरून ठेवला."

"पण का?" बाई जवळजवळ ओरडल्या. "अगं, तुझी परीक्षा होती! एक शब्द बोलली असतीस तर मला दाखला द्यावाच लागला असता. चौदा महिने बटणं भरतेस तू! का नाही बोललीस?"

आयुष्यात पहिल्यांदाच ती एका जागी स्वस्थ बसली असावी.

"तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला तुमच्या आवाजावरूनच कळलं होतं बाई. माहीत असणारा माणूस असं बोलूच शकत नाही. आणि पंधरा जणांसमोर कुणी चोर म्हटलं की कसं वाटतं, ते मला नुकतंच कळलं होतं ना. तेच मी परत तुम्हाला कसं करणार?"

अकरा वर्षं तो पडदा बघणाऱ्या सगळ्या डोळसांना बाई ढोंगी वाटल्या होत्या. आणि जिला कधी तो पडदा दिसला नाही, जिचं त्यांनी वाटोळं केलं, तिनं तेवढं त्यांना खरं मानलं होतं. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. भिंगरीनं पाण्याचा पेला त्यांच्या हाताला लावला आणि तो धरवेना, म्हणून तिनंच पाजलं.

"संस्थेत पाहुणे आले असतील एव्हाना," बऱ्याच वेळानं बाई उठत म्हणाल्या. "तुझा तो प्रोग्रॅम घे आणि चल माझ्याबरोबर. मला सगळ्यांसमोर बोलायचंय."